आईबाबा घरी नसताना

आज ज्या पुस्तकांविषयी मी बोलणार आहे, ती वाङ्मयाच्या इतिहासात शोधून सापडायची नाहीत. रद्दीच्या दुकानात मात्र सापडतील. तळहातात मावणारा आकार, पिवळा पडलेला खरखरीत कागद, दीड-पावणेदोनशे पानं आणि मुखपृष्ठावर हमखास एक घाबरलेली मुलगी. तिच्यामागे अर्धवट उघडं दार, नाहीतर समोर वाजणारा फोन. शीर्षकाची अक्षरं बोटांना लागतील अशी फुगवलेली आणि रक्ताच्या रंगातली. अमेरिकेत १९८५ नंतरच्या दहा-बारा वर्षांत ही पुस्तकं कोट्यवधींनी खपली. ती होती तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी, आणि बहुतेक वेळा विकत घेत तीच मुलं, आपल्या खाऊच्या पैशांतून. एरवी मुलांची पुस्तकं मोठी माणसं निवडतात. इथे तो मधला माणूस गळला होता, आणि ही गोष्ट पुस्तकांच्या आतही उतरली होती. तिच्याबद्दलच मला बोलायचं आहे.

या पुस्तकांशी माझी गाठ पडली ती इंग्रजीच्या धास्तीपोटी. १९९४ साली मराठी माध्यमातून दहावी झाले आणि अकरावीला मुंबईच्या कॉलेजात गेले. तिथे सगळंच इंग्रजीतून. शेक्सपिअर वाचा म्हणून सांगणारे पुष्कळ होते, पण शेक्सपिअर काही पान उलटू देईना. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर तेव्हा जुन्या पुस्तकांचे ढीगच्या ढीग असत. त्यातून पंधरा-वीस रुपयांना ही पॉकेटबुकं मिळायची. वाक्यं सहा-सात शब्दांची, बोलणं भरपूर, वर्णन जवळजवळ नाहीच, आणि पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप येणार नाही अशी गोष्ट. मांडीवर शब्दकोश घेऊन सुरू झालेलं वाचन तिसऱ्या पुस्तकापर्यंत शब्दकोशाशिवाय चालू लागलं. माझ्याकडच्या एका प्रतीवर अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का आहे आणि त्यावर 'बाद' असा दुसरा शिक्का. माझ्या पिढीत मराठी माध्यमातून आलेल्या किती जणांचं इंग्रजी अशा बाद पुस्तकांवर पोसलं गेलंय कोण जाणे.

गेल्या पावसाळ्यात यातली पंधराएक पुस्तकं मी पुन्हा वाचून काढली. माझं वय आता सत्तेचाळीस, आणि घरात एक मुलगी दहावीत.

आधी ही पुस्तकं आली कुठून ते थोडक्यात सांगते. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत 'हॅलोवीन' (१९७८) आणि 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) या सिनेमांनी गल्ला भरला. दोन्हींत मरणारी माणसं तरुण, आणि सिनेमाला गर्दी करणारीही तरुणच. पण तिथल्या नियमानुसार 'आर' दर्जाच्या सिनेमाला सतरा वर्षांखालच्या मुलाला मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय आत सोडत नाहीत. पुस्तकांना असा दरवान नव्हता. प्रकाशकांनी ही फट बरोबर हेरली. १९८५ मध्ये ख्रिस्तोफर पाइक या लेखकाची 'स्लंबर पार्टी' आली. नाव खरं नव्हे. लेखक केव्हिन मॅकफॅडन, आणि टोपणनाव उचललेलं 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या एका कप्तानाचं. पाठोपाठ आर. एल. स्टाइन. हा गृहस्थ तोवर 'जोव्हियल बॉब', म्हणजे 'खुशालचेंडू बॉब' अशा नावाने मुलांसाठी विनोदी पुस्तकं लिहीत होता आणि 'बनानाज' नावाचं एक विनोदी मासिक चालवत होता. एके दिवशी दुपारच्या जेवणावर स्कोलॅस्टिक प्रकाशनाच्या संपादक जीन फायवेल यांनी त्याला सांगितलं, तू मुलांसाठी एक भयकादंबरी लिही, नाव ठेव 'ब्लाइंड डेट'. गोष्ट काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. स्टाइन जेवण आटोपून उठला तो आधी पुस्तकांच्या दुकानात गेला, या प्रकारात लोक लिहितात तरी काय ते बघायला. हे त्यानेच पुढे अनेक मुलाखतींत हसत हसत सांगितलं आहे. 'ब्लाइंड डेट' १९८६ मध्ये आली. १९८९ पासून त्याची 'फिअर स्ट्रीट' ही मालिका सुरू झाली आणि १९९२ पासून त्याहून लहान मुलांसाठी 'गूजबम्प्स'. भरभराटीच्या काळात दोन्ही मालिकांचं दरमहा एकेक पुस्तक तो लिहीत असे. १९९७ पर्यंत 'गूजबम्प्स'ची मूळ बासष्ट पुस्तकं झाली. त्या नावाखालच्या सगळ्या पुस्तकांचा जगभरातला खप चाळीस कोटींच्या वर सांगतात.

महिन्याला दोन पुस्तकं म्हटल्यावर ती कशी असतील याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. पुन्हा वाचताना सगळी यंत्रं उघडी दिसतात. प्रकरण संपतं ते खांद्यावर पडलेल्या थंडगार हातावर. पान उलटावं तर हात भावाचा असतो, नाहीतर मैत्रिणीचा. असं तीनदा फसवून झालं की चौथा हात खरा. नायिका किंचाळते फार. खुनी शेवटी कोण निघणार हे साठाव्या पानाला कळतं, कारण जो विनाकारण फार चांगला वागतो तोच. आणि त्याने खून का केले, तर 'डोकं फिरलं म्हणून'. मनोरुग्ण म्हणजे खुनी हे समीकरण या पुस्तकांनी इतक्या सहजपणे वापरलंय की आज वाचताना अंगावर येतं. आणखी एक गोष्ट मला तेव्हा कधी जाणवली नव्हती. या गावांत माझ्यासारखं दिसणारं कुणीच राहत नाही. सगळी सोनेरी केसांची, प्रत्येकाच्या घरापुढे हिरवळ आणि सोळाव्या वर्षी दारात गाडी. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बसून मी त्या हिरवळीवरच्या मुलींसाठी जीव मुठीत धरून वाचत होते, हीसुद्धा एक गंमतच.

मग भीती वाटली का? भुतांची नाही वाटली. सुऱ्यांची तर अजिबात नाही. वाटली ती वेगळ्याच ठिकाणी.

या पुस्तकांचा एक अलिखित नियम आहे. पहिल्या दोन प्रकरणांत आईबाबांना घराबाहेर काढायचं. ते लग्नाला जातात, कामावर जातात, दुसऱ्या राज्यात जातात. घटस्फोट झालेला असतो, एक जण दूर राहतो. अगदी घरात असलेच तर त्यांना काही ऐकू येत नाही. 'गूजबम्प्स'चं पहिलंच पुस्तक घ्या, 'वेलकम टू डेड हाउस'. ज्याचं नावही कधी ऐकलेलं नाही अशा एका काकाआजोबाने म्हणे घर ठेवलंय, आणि आईबाबा दोन मुलं आणि कुत्रा घेऊन सरळ राहायला जातात. गाव अंधारं, शेजारी पांढरेफटक, कुत्रा दिसेल त्या माणसावर भुंकतोय. मुलगी पहिल्या दिवसापासून सांगतेय की खिडकीत कुणीतरी होतं. आईबाबांचं म्हणणं एकच, नवी जागा आहे, होईल सवय. अहो, आपल्याकडे कुणी फुकट घर देतो म्हणालं तर सात-बारा मागू, सर्च रिपोर्ट काढू, निदान खालच्या किराणावाल्याला तरी विचारू! कागदपत्रं बघितली असती तर गावातले सगळेच मेलेले आहेत हे दुसऱ्या प्रकरणात कळलं असतं आणि पुस्तक संपलं असतं.

हसण्यावारी नेलं, तरी गोष्ट उभी आहे ती याच खांबावर. सांगितलं तर विश्वास बसत नाही, म्हणून मुलं सांगेनाशी होतात.

त्याच वयात आम्ही नारायण धारपही वाचत होतो. घरी नको म्हणत, म्हणून वाचनालयातून आणून वहीत घालून वाचायचे. तिथली भीती या अमेरिकी पुस्तकांपेक्षा कितीतरी दाट होती, पण तिचा स्वभाव वेगळा. धारपांच्या समर्थकथांत संकट कितीही अघोरी असो, कुणीतरी जाणतं माणूस येणार याची खात्री असे. समर्थ येत, आणि वाचणाऱ्याचाही श्वास खाली बसे. अमेरिकेतल्या त्या गावात समर्थ नाहीत. पोलीस येतात ते सगळं उरकल्यावर, ब्लँकेट पांघरायला. सोळा वर्षांच्या मुलांनी निस्तरायचं, आणि आपसांतच. सोळाव्या वर्षी मला यात स्वातंत्र्य दिसायचं. किती मोकळी मुलं ही, कुणी विचारणारं नाही! आज तेच पान वाचताना मी मनातल्या मनात त्या मुलांच्या आयांना हाका मारत होते.

हे सगळं जिने फार आधी आणि फार नेमकं लिहिलं ती लेखिका म्हणजे लोइस डंकन. १९३४चा तिचा जन्म. पाइक आणि स्टाइन येण्याच्या बारा वर्षं आधी, १९७३ मध्ये, तिची 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' ही कादंबरी आली. पुढे या साऱ्या पॉकेटबुकांनी जे कथासूत्र शंभरदा गिरवलं ते इथलं. मुलांच्या एका टोळक्याच्या हातून काहीतरी भयंकर घडतं, कुणाला सांगायचं नाही अशी शपथ होते, आणि कुणाला तरी ते माहीत असतं. पाइकची 'चेन लेटर' (१९८६) म्हणजे हीच गोष्ट, फक्त वाळवंटातल्या रस्त्यावर नेलेली. डंकनच्या कादंबरीत चौघं जण सहलीहून रात्री परतताहेत. बॅरी गाडी चालवतोय. सायकलवरून जाणारा दहा वर्षांचा एक मुलगा गाडीखाली येतो. ते थांबत नाहीत. पुढे जाऊन फोनवरून रुग्णवाहिका बोलावतात, नाव न सांगता. मुलगा वाचत नाही. मग शपथ.

कादंबरी सुरू होते ती वर्षभरानंतर. ज्यूली नावाच्या मुलीला एकाच दिवशी दोन पत्रं येतात. एक स्मिथ कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं. दुसऱ्यात एकच ओळ, तीच जी शीर्षकात आहे.

अकरावीत वाचताना माझं सगळं लक्ष त्या दुसऱ्या पत्राकडे होतं. या वेळी पहिल्यावर अडकले. ज्यूलीला एवढ्या नामवंत कॉलेजात प्रवेश कसा मिळाला? तर गेल्या वर्षभरात ती कुठे जात नाही, कुणात मिसळत नाही, शाळेतली नाचबागड सोडून दिली आणि अभ्यासात डोकं खुपसून बसली. तिची आई विधवा आहे, शिक्षिका आहे, मुलीवर तिचं बारीक लक्ष आहे. मुलगी बदललीय हे तिला दिसतं. पण बदल काय झालाय, तर मार्क वाढलेत! मार्क कमी झाले की आपण दहा प्रश्न विचारतो. वाढले की पेढे. ज्यूलीची आई निष्काळजी नाही, वाईट तर मुळीच नाही. तिच्याजवळ विचारायला निमित्तच उरलेलं नाही. त्या पानावर मी पुस्तक मिटून ठेवलं आणि चहा टाकायला उठले. पलीकडच्या खोलीत दहावीची तयारी चालली होती, दार लावून.

याच कादंबरीत आणखी एक प्रसंग आहे. ज्यूली आणि तिचा मित्र रे, गाडी बिघडल्याचा बहाणा करून त्या मेलेल्या मुलाच्या घरी जातात. मोठी बहीण अंगणात कपडे वाळत घालतेय. ती साध्या माणुसकीने त्यांना आत बोलावते, फोन वापरू देते, आणि बोलता बोलता सांगते की आईला हा धक्का सोसला नाही, ती इस्पितळात आहे, बाबाही तिकडेच असतात. बस, एवढंच. त्या आईला कादंबरीत एकही वाक्य नाही. आधीच्या वाचनात ती मला आठवतही नव्हती. आता मात्र सबंध पुस्तकात तीच बसून राहिलीय असं वाटलं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या कादंबरीत त्या चौघांपैकी कुणीही मरत नाही. हल्ले होतात, बॅरीला गोळी लागते, पण सगळे जगतात. डंकनला ती चौघं जिवंतच हवी होती, कारण तिची गोष्ट सूडाची कमी आणि गप्प राहण्याची जास्त आहे. १९९७ मध्ये यावर सिनेमा निघाला. पटकथा केव्हिन विल्यमसनची, ज्याची 'स्क्रीम' आदल्याच वर्षी गाजली होती. डोंगरातून परतणारी मुलं समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावात गेली, हातात आकडा घेतलेला खुनी आला आणि एकेकाला मारत सुटला. सिनेमा धो धो चालला. पुढचे भाग निघाले, २०२५ मध्ये त्याच नावाचा आणखी एक आला. डंकनने मात्र आपली नाराजी कधी लपवली नाही.

तिच्या नाराजीला कारण होतं, आणि ते साहित्यिक नव्हतं. जुलै १९८९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात तिच्या पाच मुलांतली सर्वांत धाकटी, अठरा वर्षांची मुलगी, रात्री गाडी चालवत घरी येत असताना गोळ्या घालून मारली गेली. त्याच वर्षी डंकनची 'डोन्ट लुक बिहाइंड यू' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. त्यात एका मुलीच्या मागे मारेकरी लागतो, आणि ती नायिका लेखिकेने आपल्या या मुलीवरूनच बेतली होती. पोलिसांचं म्हणणं तिला पटेना. आयुष्यभर ज्या तपासाच्या गोष्टी रचल्या तो तपास ती आता खरोखर करू लागली. १९९२ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं, नाव 'हू किल्ड माय डॉटर?' २०१३ मध्ये त्याचा पुढचा भाग. २०१६ मध्ये ती वारली तेव्हाही तिच्या प्रश्नाला न्यायालयातून उत्तर मिळालेलं नव्हतं. सिनेमावर बोलताना तिचं म्हणणं साधं होतं. ज्या बाईचं मूल खरोखर मारलं गेलंय, तिला खून ही हसत-किंचाळत बघण्याची गोष्ट वाटू शकत नाही.

हे कळल्यावर त्या पॉकेटबुकांकडे पूर्वीच्या नजरेने बघणं अवघड जातं. सगळ्यांनी पुस्तकं जाळून टाकावीत असं मी म्हणत नाही, मलाही ती अजून आवडतात. पण त्या ढिगात दोन जाती आहेत हे आता स्पष्ट दिसतं. एकीत मरण हे प्रकरण संपवायचं साधन आहे. दुसरीत मेलेल्या माणसाला घर असतं, आणि त्या घरात कपडे वाळत घालणारं कुणीतरी उरलेलं असतं.

दुसऱ्या जातीचं सर्वांत चांगलं उदाहरणही डंकनचंच आहे, 'किलिंग मिस्टर ग्रिफिन' (१९७८). इंग्रजीचे एक कडक मास्तर. उशिरा दिलेला निबंध घेत नाहीत, 'अ' दर्जा कुणालाच देत नाहीत. वैतागलेली पाच मुलं त्यांना पळवून नेऊन जरा घाबरवायचं ठरवतात. मारायचं कुणाच्याच मनात नसतं. पण सरांना हृदयविकार आहे, गोळ्या वेळेवर लागतात, आणि हे मुलांना माहीत नाही. आता हे पुस्तक अकरावीत वाचणारी मुलगी कुणाच्या बाजूने असणार? मी तर मनातल्या मनात आमच्या एका सरांना त्या खुर्चीत बसवलं होतं. पुन्हा वाचताना समोर आलं ते सकाळच्या न्याहरीचं प्रकरण. ग्रिफिन सर आणि त्यांची गर्भार बायको. सर विद्यापीठातली नोकरी सोडून शाळेत आलेत, कारण तिथे येणाऱ्या मुलांना धड लिहिता येत नाही आणि त्याची दुरुस्ती शाळेतच व्हायला हवी असं त्यांना वाटतं. बायको म्हणते, अरे, मुलांचं कधीतरी कौतुकही कर. त्यांना ते जमत नाही. हे प्रकरण डंकनने खुनाच्या आधी घातलंय. म्हणजे तेरा वर्षांच्या वाचकालाही तिने सर दाखवले होते. तो बघेल की नाही हे तिने त्याच्यावर सोडलं.

या पुस्तकावर अमेरिकेतल्या पालकांनी खूप आक्षेप घेतले. शाळेच्या ग्रंथालयातून काढून टाका म्हणाले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० ते १९९९ या काळात सर्वाधिक आक्षेप आलेल्या शंभर पुस्तकांची यादी केली, तीत हे आहे आणि 'गूजबम्प्स'सुद्धा आहे. दोघांना एका यादीत बसवणं मला विनोदी वाटतं. एकात रबराचे राक्षस आहेत, दुसऱ्यात वर्गातला हुशार मुलगा. पण मुलांच्या मनात सरांविषयी काय चाललंय हे कागदावर बघून पालक बिथरले असतील, तर तेही समजण्यासारखं आहे.

'गूजबम्प्स'वर मात्र मी अन्याय करणार नाही, कारण त्यात 'द हॉन्टेड मास्क' आहे. १९९३चं पुस्तक. स्टाइनच्या लहान मुलाने एकदा रबरी मुखवटा चढवला आणि तो निघेना, त्यावरून सुचलेलं. कार्ली बेथ ही अकरा वर्षांची भित्री मुलगी. शाळेतले दोन पोरगे तिला सारखे घाबरवतात, एकदा तर सँडविचमध्ये अळी घालून खायला लावतात. हॅलोवीनसाठी आईने हौसेने तिला बदकाचा पोशाख शिवलाय. कार्लीला त्याची शरम वाटते. ती तो टाकून देते आणि दुकानातून एक हिडीस मुखवटा आणते. सगळे घाबरतात, फार मजा येते, आणि मग मुखवटा चेहऱ्याला चिकटतो. कातडी आणि रबर यांतली शीव हाताला लागत नाही. आवाजही बदलतो. तो काढायचा उपाय एकच, कुणीतरी प्रेमाने दिलेली खूण. आईने लेकीच्या चेहऱ्याची प्लास्टरची प्रतिकृती करून ठेवलेली असते, जी कार्लीला तितकीच ओशाळवाणी वाटलेली असते. तीच उपयोगी पडते.

सांगताना भाबडं वाटतं, मला कल्पना आहे. पण या साऱ्या ढिगात आईच्या हातची एखादी वस्तू कामी आली असं मला आढळलेलं हे एकच पुस्तक. आणि इथेही आईला काही कळतच नाही! लेक संकटात होती, आपण केलेल्या त्या मुखवट्याने ती वाचली, हे तिच्या गावीही नसतं. स्टाइनने नियम मोडला नाही, पण नियमाच्या आत राहून आईला एक जागा दिली.

पाइकच्या 'द मिडनाइट क्लब'विषयी (१९९४) दोन शब्द सांगून पुढे जाते. असाध्य आजाराची मुलं एका शुश्रूषागृहात आहेत, रोज मध्यरात्री जमून एकमेकांना भयकथा सांगतात, आणि ठरवतात की जो आधी जाईल त्याने पलीकडून खूण करायची. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर यावर मालिकाही झाली. पुस्तक ओबडधोबड आहे, मधल्या गोष्टी फार लांबतात. तरी ज्यांना खरोखर मरायचं आहे ती मुलं भुतांच्या गोष्टी का सांगतात, हा प्रश्न पाइकने विचारला आणि त्याचं उत्तर सोपं केलं नाही. या लेखकाकडून माझी एवढी अपेक्षा नव्हती.

आता मोबाइलचा मुद्दा. २०१० च्या सुमारास डंकनची पुस्तकं पुन्हा छापायची ठरली तेव्हा प्रकाशकांनी तिला ती आजच्या काळात आणायला सांगितली. कपडे बदलणं सोपं होतं. अडचण झाली ती फोनची. तिची निम्मी कारस्थानं उभी होती ती फोन हाताशी नाही यावर. मग नव्या आवृत्त्यांत कुणाची बॅटरी संपते, कुठे रेंज नसते. मी दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून थोडं ताडून पाहिलं. फोन आल्याने गोष्टीतली एक मोठी गोष्ट बदलत नाही. ज्यूलीच्या पर्समध्ये फोन असता तरी तिने आईला फोन केला नसता. हे डंकनलाही माहीत असणार.

माझ्या मुलीला भयकथांची विशेष आवड नाही. तिच्या वयाची मुलं आता असलं काही बघतात ते पडद्यावर, आणि २०२१ मध्ये 'फिअर स्ट्रीट'चे तीन सिनेमे आले त्यातला एक बघून "आई, यात काही दम नाही" असा निकाल तिने दिला होता. पावसाळ्यात माझ्या उशाशी पडलेल्या ढिगातून तिने दोन-तीन पुस्तकं चाळली, मुखपृष्ठांवरच्या किंचाळणाऱ्या पोरींना हसली. 'डेड हाउस' अर्ध्यात सोडलं. म्हणाली, हे आईबाबा जरा अतीच आहेत. मी काही बोलले नाही. गेल्या आठवड्यात दिसलं की 'किलिंग मिस्टर ग्रिफिन' तिने आपणहून उचललंय आणि जेवताना ताटाशेजारी उघडं ठेवून वाचतेय. वाचताना एकदा मान वर करून म्हणाली, "आई, या सरांनी एकदा तरी त्या सूझनला चांगलं म्हणायला काय हरकत होती?" मी विचारलं, कुठवर आलीस. तर अजून सर जिवंत आहेत.